टेलची माती

आमच्या आईला गोदावरी म्हटलेलं चालत नाही. ती गंगा म्हणते. गंगापूर, गंगाखेड, गंगाथडी अशी नावं ज्या मुलखात आहेत तिथल्या बाईनं दुसरं काय म्हणावं! तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणाचं काम १९६५ मध्ये सुरू झालं आणि १९७६ मध्ये पुरं झालं. मधल्या काळात गाव उठलं, वर माळावर जाऊन बसलं. पण नाथसागराचं, म्हणजे या धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरू लागलं की मामा खाली जाऊन गाळपेर करायचा. पाणी मागे सरकताना जी काळीभोर, लोण्यासारखी जमीन उघडी पडते तिच्यात हरभरा टाकायचा, उन्हाळ्यात टरबुजं-काकड्या. "पेरायचं नाही गं, नुसतं टाकायचं," असं मामा म्हणायचा. त्या गाळात घोट्यापर्यंत पाय रुतवून कोण जास्त वेळ उभं राहतं, हा आमचा सुट्टीतला खेळ होता.

हा गाळ मुळात कुठे जायला निघाला होता, हा प्रश्न मला पन्नाशी ओलांडेपर्यंत पडला नाही.

पडला तो एका रेल्वेच्या पाटीमुळे. आमच्या स्टेशनवरून नगरसोल–नरसापूर गाडी जाते. शिर्डीला आलेले तेलुगू भाविक तिच्यातून परत जातात, म्हणून ती आमच्या लेखी साईबाबांची गाडी. नरसापूर कुठे आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एकदा नकाशात पाहिलं तर ते आंध्रात, वसिष्ठा नावाच्या गोदावरीच्या फाट्याच्या काठावर, समुद्राच्या तोंडाशी निघालं. म्हणजे पैठणहून सोडलेले पानांचे द्रोण-दिवे जर कुठे अडकले नाहीत (अडकतातच), तर ते जिथे पोहोचतील तिथे ही गाडी एका दिवसात जाते. सप्टेंबरच्या शेवटी मी आणि नवरा त्या गाडीत बसलो. आई म्हणाली, "गंगा संपते तिथं कशाला जायचं? उगमाला जावं माणसानं." त्र्यंबकला आम्ही तीन वेळा जाऊन आलो होतो. शेवट पाहायला जायची आपल्याकडे पद्धत नाही.

नरसापूरच्या धक्क्यावरून पलीकडे सखिनेटिपल्लीला जायला 'पंटू' असतो. दोन नावा एकमेकींना जखडून वर फळ्यांचा मांडव घातलेला, आणि त्यावर मोटारसायकली, शहाळ्यांचे घड, शाळेची पोरं, एक नवरी आणि आम्ही. पाणी दाट चहासारखं होतं. पूर ओसरत आलेला, तरी पात्र इतकं रुंद की पलीकडची माणसं टाचणीएवढी दिसत होती. पैठणला उन्हाळ्यात धरणाखाली जी गोदावरी मी पाहते, ती डबक्यांची माळ असते. हीच ती नदी, यावर विश्वास ठेवायला मला अर्धा प्रवाह ओलांडावा लागला.

तिकिटं फाडणाऱ्या माणसानं हिंदीत विचारलं, कुठून आलात. मी औरंगाबाद म्हणाले. नवं नाव त्याला उमगलं नसतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आय्! शिर्डी पक्कन." गोदावरी जिल्ह्यांतली माणसं होकाराला असं 'आय्' म्हणतात. आमच्या कानाला ते दर वेळी कुणी आईला हाक मारल्यासारखं वाटायचं. मग तो हसून म्हणाला, "तो आप लोग ऊपरवाले हो." आम्हीही हसलो. हिंदीत उपरवाला म्हणजे देव. पण त्याला तसं म्हणायचं नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, नदीच्या वरचे. पाणी सोडणारे.

खरं सांगायचं तर त्याच्या दारात येणाऱ्या पुरात आमच्या मराठवाड्याचा वाटा थोडाच. गोदावरीचं खरं पाणी पुढे मिळतं, वर्धा-वैनगंगा घेऊन येणारी प्राणहिता, मग इंद्रावती, मग शबरी. पण प्राणहितेचं पाणी तरी कुणाचं? विदर्भाचंच मोठं. नदीच्या खोऱ्याचं जवळजवळ अर्धं क्षेत्र महाराष्ट्रात आहे. त्यामुळे 'वरचे' ही पदवी मला नाकारता येईना, आणि आवडतही नव्हती. कारण आम्ही मराठवाड्याची माणसं स्वतःला कायम खालचे समजत आलो. नाशिक-नगरवाल्यांनी वर पाणी अडवलं, सोडलं नाही, ऑक्टोबरच्या मध्याला नाथसागरात ६५ टक्के साठा झाला नाही तर वरून सोडायचं की नाही, यावर दरवर्षी कोर्टकचेऱ्या. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्यांची शेती असते त्यांना 'टेलचे' म्हणतात. टेलच्या माणसाला वरच्याचा राग कसा येतो, हे मला कुणी शिकवायला नको. टेलच्याही खाली टेल असते आणि तिथून बघितलं तर मी वरची दिसते, हे मात्र पंटूवर उभं राहीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

राजमुंद्रीच्या खाली, धवलेश्वरमला, नदी फुटते. गौतमी आणि वसिष्ठा. वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते. लोक सात ऋषींच्या नावाचे सात फाटे सांगतात, ते सगळे आज शोधून सापडत नाहीत. गौतमी आणि वसिष्ठा यांच्या बेचक्यात जो त्रिकोण आहे तो कोनसीमा. नारळ, केळी, भात, कालवे, कालव्याकाठी घरं, घरापुढे कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्या. नदीतल्या बेटांना 'लंका' म्हणतात, आपल्याकडची मळई म्हणजे तीच. रस्ता सरळ असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असतंच, आणि वळला तर पूल येतो. आमच्या रिक्षावाल्याला मी विचारलं की इथे दगड कुठे मिळतो. तो बुचकळ्यात पडला. दगड? बाहेरून आणतात. सह्याद्रीच्या काळ्या पत्थरावर जन्मलेल्या माणसाला हे ऐकताना गंमत वाटते, पण खरी गंमत पुढे आहे. ही जमीन बरीचशी त्याच पत्थराची झालेली आहे. दख्खनचा बेसॉल्ट झिजला, काळी माती झाला, पावसात धुपला आणि हजारो वर्षं इथे येऊन बसला. सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे वरच्यांच्या शेतातून वाहून गेलेली माती आहे. आपण ज्याला जमिनीची धूप म्हणतो त्याला ते गाव म्हणतात.

ही माती सोन्यासारखी असून तिथे एकेकाळी माणसं उपाशी मरत होती. पुरात बुडायचं नाही तर दुष्काळात होरपळायचं. आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्यानं १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरमला बंधारा घातला, कालवे काढले आणि कोनसीमेचं भाताचं कोठार झालं. त्या साहेबाचे पुतळे गावोगाव आहेत. कुठे घोड्यावर, कुठे हार घातलेले. त्याला भगीरथ म्हणणारा संस्कृत श्लोकही तिथे सांगतात. आपल्याकडे इतक्या मनापासून पुजला गेलेला अभियंता मला आठवत नाही. जुन्या बंधाऱ्याची जागा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या बराजनं घेतली, नाव कॉटनचंच ठेवलं. विकासाला सरसकट शिव्या घालणाऱ्यांना मी या पुतळ्यांपुढे उभं करीन. पाणी वळवलं म्हणून लाखो माणसं जेवली, ही गोष्ट खरी आहे. तिथून पुढे हिशेब अवघड होतो.

धवलेश्वरमला पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. पावणेबारा फुटांवर पहिला इशारा, पावणेचौदावर दुसरा, पावणेअठरावर तिसरा. तिसऱ्या इशाऱ्याला सेकंदाला सतरा लाख घनफूट पाणी तिथून समुद्राकडे जात असतं. दर पावसाळ्यात तेलुगू वाहिन्यांवर आकडे झळकतात, इतके टीएमसी पाणी समुद्रात वाया गेलं. ही भाषा आपल्यालाही नवी नाही. कोकणात पडणारं पाणी समुद्रात वाया जातं, ते इकडे वळवा, असं मी स्वतः वादात ठासून सांगितलेलं आहे. नाशिकच्या पश्चिमेचं पाणी गोदावरीत आणायच्या योजनांसाठी आमच्याकडे मोर्चे निघतात, आणि त्यातल्या एकात मी होते. पण कोनसीमेत 'वाया' हा शब्द जिभेवर अडखळायला लागला. इथली प्रत्येक गोष्ट त्या वाया गेलेल्या पाण्यातून आणि वाया गेलेल्या मातीतून आलेली होती. नारळ, चिखलातले निवटी मासे, रिक्षावाला, त्याची रिक्षा ज्या रस्त्यावर चालली होती तो रस्ता.

त्रिभुज प्रदेशाची जमीन मुळातच बसत असते. पोत्यात ओतलेलं धान्य जसं आपोआप खाली बसतं तशी. दरवर्षी पूर येऊन वर नवा थर टाकतो म्हणून ती समुद्राच्या वर राहते. थर पडायचा थांबला की उरतं ते फक्त बसणं. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ खाली आणत होती. २००० ते २००६ या वर्षांत तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. बाकीचा धरणांत बसला. कृष्णा आणि गोदावरीच्या जोड त्रिभुज प्रदेशांच्या किनाऱ्यानं १९६५ ते २००८ या काळात निव्वळ सुमारे ७६ चौरस किलोमीटर जमीन गमावली. मामाचा हरभरा ज्या थरात उगवायचा तो थर या वजाबाकीत कुठेतरी आहे. फार मोठा नसेल. पण आहे.

यात विनोद असा की आम्हाला तो गाळ नको आहे. धरण भरतं म्हणून आपण हळहळतो. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. शेतकरी ट्रॅक्टर लावून तलावातला गाळ शेतात नेतात, आणि ते चांगलंच करतात. पण गाळावर हक्क सांगणारा तिसराही कुणी आहे, हे कुठल्या कागदावर नाही. गोदावरी पाणी तंटा लवादाचा निवाडा १९८० सालचा. त्यानुसार पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं. राज्याराज्यांचे वाटे ठरले, बाभळी बंधाऱ्यावरून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं, पण मातीचा वाटा कुणी मागितलाच नाही. खाडीला वकील नसतो.

आता पर्यटनाचं. दिंडीला वसिष्ठेच्या काठी हाउसबोटी आहेत, छताला वाकवलेल्या चटया, आत एसी. कोनसीमेची जाहिरात 'आंध्रचं केरळ' अशी होते. कोकणचा कॅलिफोर्निया होणार हे ऐकत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. संक्रांतीला हैदराबादहून गाड्यांच्या रांगा लागतात, खोल्या मिळत नाहीत, कालव्यात प्लास्टिक तरंगतं. हे सगळं मला दिसलं आणि रागही आला. पण हाउसबोटीच्या धक्क्यापासून चार पावलांवर शहाळी विकणारी एक बाई होती. माझ्या मोडक्या हिंदीला तिनं तिच्या मोडक्या हिंदीत उत्तर दिलं ते असं: नारळाला भाव नाही, भातात मजुरी निघत नाही, बोटवाले रोज वीस शहाळी घेतात. कोनसीमेतल्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये खरिपाला चक्क पीकसुट्टी घेतली होती, जमीन पड टाकली होती. भारतातल्या सगळ्यात सुपीक म्हणावी अशा जमिनीत भात लावणं परवडत नाही म्हणून. अशा बाईपुढे शाश्वत पर्यटनावर बोलायचं म्हणजे तोंड सांभाळून बोलायला हवं.

माझं मत विचाराल तर पर्यटक हा इथला सगळ्यात मोठा गुन्हेगार नाही. तो सगळ्यात ठळक दिसणारा आहे, एवढंच. रंगीत टोपी घालून येतो, मोठ्यानं बोलतो, त्याला दटावता येतं. गाळ अडवणारं धरण आठशे-हजार किलोमीटर लांब असतं, त्याच्यापुढे पाटी लावता येत नाही.

आणि कोळंबीला तर आवाजच नसतो. असतो म्हणा, रात्री. तळ्यांत प्राणवायू मिसळावा म्हणून फिरणाऱ्या चाकांचा एकसुरी छपछपाट मैलभर ऐकू येतो. अंतर्वेदीकडे जाताना नारळीच्या बागा एकाएकी संपतात आणि आभाळ खाली उतरल्यासारखी चौकोनी तळी लागतात. भाताच्या शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी वाढवायची. एकानं तळं केलं की शेजाऱ्याच्या भातात मीठ झिरपतं, दोन हंगाम तो रडतो, तिसऱ्या हंगामाला तोही जमीन भाड्यानं देतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये किनारा नियमन क्षेत्रातल्या कोळंबी शेतीवर बंदी घालणारा निकाल दिला होता. २००५ मध्ये कायदा करून ती नियमांच्या चौकटीत परत आली, २००९ पासून 'वनामी' ही परदेशी जात आली आणि आंध्र कोळंबीच्या निर्यातीत देशात पहिला झाला. तळ्यांच्या मालकाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याचा मुलगा त्यातून इंजिनिअर झालेला असतो. पण एक हिशेब कुणी मांडत नाही: समुद्र बाहेरून आत यायला पन्नास वर्षं लागली असती, ते खारं पाणी आपण पंप लावून एका हंगामात आणलं.

अंतर्वेदीला लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आहे आणि पुढे वसिष्ठा समुद्राला मिळते. संगम म्हणून जे असतं ते दिसायला अगदी साधं असतं. तांबडं पाणी, राखी पाणी, मध्ये फेसाची एक थरथरती रेघ. नवऱ्यानं आईसाठी बाटलीत पाणी भरून घेतलं. मी वाळू चाळत बसले. तिच्यात काळे जड कण चमकत होते, आणि मला उगाच वाटलं की ओळखीचे आहेत.

अमलापुरात आम्ही एक रात्र राहिलो. या जिल्ह्याला २०२२ मध्ये डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा या गावात जाळपोळ झाली. मराठवाड्यातल्या माणसाला नामांतराची आठवण करून द्यावी लागत नाही. हिरव्या, शांत, पोस्टकार्डासारख्या गावांत काय काय मुरलेलं असतं ते पर्यटनखात्याच्या पुस्तिकेत येत नाही. गॅसचंही येत नाही. याच नारळींच्या खाली नैसर्गिक वायू आहे. पासर्लपुडीला १९९५ मध्ये पेटलेली विहीर दोन महिने जळत होती, आणि नगरम गावात २०१४ च्या जूनमध्ये पहाटे वाहिनी फुटून झोपेतली माणसं गेली. यानमला गौतमी ओलांडली. हे गाव १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं, आता पुदुच्चेरीचं आहे, आणि आमचा रिक्षावाला तिथे फक्त पेट्रोलसाठी थांबला.

मग कोरिंगा. पूर्वी हे मोठं बंदर होतं. इथून इतके तेलुगू मजूर ब्रह्मदेशात गेले की तिकडे तेलुगू माणसालाच 'कोरिंगी' म्हणायला लागले. १७८९ आणि १८३९ च्या वादळांत समुद्र आत शिरला आणि बंदर संपलं. हेन्री पिडिंग्टन नावाच्या कलकत्त्याच्या अभ्यासकानं वादळांना 'सायक्लोन' हा शब्द दिला, तो १७८९ च्या इथल्या वादळाबद्दलही लिहीत होता. आता त्या जागी कांदळवन आहे. १९७८ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे २३५ चौरस किलोमीटर. तेलुगूत या झाडांना 'मडा' म्हणतात. झाडं मात्र आपल्या ओळखीची. तिवर, कांदळ, चिपी, सगळी नातलग मंडळी.

चिखलावरून लाकडी वाट काढलेली आहे. बोट बंद होती, नदी अजून चढी होती. तिकीट काढून आलेले काही लोक त्यावरून तणतणत होते. मला बरं वाटलं. याच नदीत, बऱ्याच वर, पापिकोंडलूच्या घळीत २०१९ च्या सप्टेंबरात सहलीची बोट उलटून कितीतरी माणसं बुडाली होती. पूर असताना बोट न सोडणारा अधिकारी मला कुठल्याही सेल्फी पॉइंटपेक्षा मोठं पर्यटन धोरण वाटतो.

ओहोटी होती. तिवराची श्वसनमुळं हजारो पेन्सिली उभ्या कराव्यात तशी चिखलातून वर आलेली. निवट्या डोळे वटारून उड्या मारत होत्या. एक पाणमांजर दिसलं असं नवरा म्हणतो, मी पाहिलं नाही. मासेमार मांजर इथे आहे, पण ते दिवसा माणसांना दर्शन देत नाही, यातच त्याचं शहाणपण. एका ठिकाणी कांदळवन उजाड होऊन पुन्हा लावलेलं होतं. वाट दाखवणारा पोरगा जवळच्याच कोळीवाड्यातला. त्यानं सांगितलं की नुसती रोपं लावून जगत नाहीत, आधी पाणी आणावं लागतं. मधोमध एक मोठा चर आणि त्याला दोन्हीकडून तिरपे छोटे चर, माशाच्या काट्यासारखे. भरतीचं पाणी त्या काट्यातून शेवटपर्यंत पोहोचतं आणि ओहोटीला परत जातं. ही पद्धत एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठाननं १९९० च्या दशकात इथल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन बसवली. झाड जगतं ते पाणी आत आल्यानं नाही, पाणी येऊन-जाऊन केल्यानं. साचलं की मीठ साचतं, झाड मरतं. पोरगा हे सगळं तोंडपाठ सांगत होता, पण मध्येच थांबून म्हणाला, "मेरी अम्मा खेकडा पकड़ती है, अंदर. पहले कोई नहीं रोकता था." आणि पुढे चालू लागला. त्याच जंगलात त्याला पगार होता आणि त्याच जंगलात त्याच्या आईला आडकाठी होती. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. ते मी त्याला सांगितलं. "बोट किसका?" त्यानं लगेच विचारलं. बायकांची स्वतःची, मी म्हणाले. तो काही बोलला नाही, पण प्रश्न अचूक होता.

काकीनाड्याजवळ दुम्मुलपेटला २०२० मध्ये कांदळवन साफ करून गरिबांच्या घरांसाठी जागा काढायचं घाटत होतं. प्रकरण हरित लवादाकडे गेलं. मी शहरातल्या पक्क्या घरात बसून त्या कांदळवनाच्या बाजूनं आहे. ते मी लपवत नाही आणि त्याचा मला अभिमानही वाटत नाही. १९९६ च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळात या किनाऱ्यावर हजारावर माणसं गेली. वाऱ्यासमोर आधी उभं राहतं ते हे जंगल. ज्याला घर हवं आहे त्याच्याच घराचा तो पहिला आडोसा. हे सांगायला सोपं आहे, भाड्याच्या खोलीत पावसाळा काढणाऱ्याला पटवायला नाही.

त्या रात्री काकीनाड्यात 'पुलसा' खायला मिळाला. समुद्रातला हिल्सा, आपल्याकडे ज्याला पाला म्हणतात तो, पुराच्या तांबड्या पाण्यात नदीत चढतो. समुद्रात धरला तर त्याला फारसं मोल नाही. नदीचं गोडं पाणी अंगाला लागलं की तो पुलसा होतो आणि किंमत कितीतरी पटींनी चढते. 'मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा' अशी तिकडे म्हण आहे. आमच्या वाट्याला दोन तुकडे आले आणि नवऱ्यानं माझ्या गळ्याकडे मिश्किलपणे पाहिलं. तोही आता कमी मिळतो. वाढपी म्हणाला, बराजच्या वर तो जाऊच शकत नाही, आणि लोक समुद्रातच जाळी लावून बसलेले असतात. काट्यांनी भरलेला तो मासा चावताना मला एकच कळत होतं. पूर वाया जातो म्हणणाऱ्यांनी आधी हे ताट पाहावं.

शेवटचा दिवस उप्पाडाचा. हे विणकरांचं गाव, इथली जामदानी साडी प्रसिद्ध आहे. एका नदीच्या वरच्या अंगाला पैठणी आणि तोंडाजवळच्या किनाऱ्यावर जामदानी, हा योगायोग मला भारी आवडला आणि मी एक साडी घेतली, भावात फसलेही असेन. दुकानातून बाहेर आल्यावर रस्ता कुठे संपतो ते पाहिलं. तो समुद्रात संपत होता. अर्धं घर, जिन्याच्या चार पायऱ्या, मोरीची फरशी, पुढे लाटा. किनाऱ्याला वाळू भरलेल्या अजस्र पिशव्यांचा बांध घातला होता तोही लाटांनी फोडला. अभ्यासक सांगतात, कारण एक नाही. काकीनाड्यासमोर होप बेटाची वाळूची जीभ उत्तरेकडे लांबत गेली, बंदराची बांधकामं झाली, लाटांची दिशा बदलली, वाळू येईनाशी झाली. एक म्हातारी त्या मोरीच्या फरशीवर बसून मासे साफ करत होती. घर गेलं, मोरी राहिली, तर मोरी वापरायची. तिनं मला जवळ बोलावून तेलुगूत काहीतरी विचारलं. रिक्षावाल्यानं सांगितलं, "पूछ रही है, कौन गाँव." त्यानंच परस्पर उत्तर दिलं, आणि त्यात 'पैन', म्हणजे वर, हा शब्द मला ऐकू आला. म्हातारीनं मान डोलावली.

आमचंही गाव पाण्यात गेलंय, हे मला तिला सांगायचं होतं. पण आमचं धरणात गेलं आणि त्यातून माझ्या शहराला नळ आला. तिचं कशासाठी गेलं हे कुठल्या भाषेत सांगणार? मी नमस्कार केला आणि निघाले.

परत आल्यावर महिन्याभरानं आईला गॅलरीत मोगरा हवा झाला. आमच्या कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले. "मॅडम, हा घ्या, राजमुंद्रीचा माल आहे," पोऱ्या म्हणाला. मी थबकले. राजमुंद्रीजवळ, धवलेश्वरमपासून हाकेच्या अंतरावर, कडियम नावाचं गाव आहे. तिथल्या नर्सऱ्यांतून देशभर रोपं जातात. ट्रकच्या ट्रक भरून आपल्याकडेही येतात. मी कितीतरी वर्षं तीच रोपं आणत होते.

घरी येऊन काळी पिशवी फाडली. आत मुळांना घट्ट धरून बसलेला चिकट मातीचा गोळा. आईनं बोटानं दाबून पाहिला. तिच्या गाळपेरीच्या काळातली बोटं ती, माती ओळखायला चष्मा लागत नाही. "ही पाणी धरून बसती," ती म्हणाली. "मुळं कुजतील. धुऊन टाक सगळी."

नळ त्या दिवशी आलेला होता. मी मोरीत बसून गोळा धुतला. पाणी आधी दाट आलं, मग चहासारखं, मग स्वच्छ. सगळं जाळीतून खाली गेलं. आमची मोरी गटाराला जाते, गटार खाम नदीला, आणि खाम नाथसागरात.